धरणांची वही कपाटात गेली तेव्हा

“लेकरू दिवसभर एकाच गोष्टीचं बोलायलंय, दोस्त एकबी नाही. हा नाद मोडावा का?” ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांचे आई-वडील आमच्याकडे समुपदेशनाला आले की हा प्रश्न ठरलेला. नाद कधी एसटीच्या वेळापत्रकाचा असतो, कधी पंख्यांच्या मॉडेलांचा. पुढच्या हकिकतीत तो धरणांचा आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, वडिलांची मोंढ्यात आडत. मुलगा १७ वर्षांचा, बारावीत. निदान चौदाव्या वर्षी झालं. तोवर शाळेत ‘हुशार पण हेकट’. जायकवाडी, माजलगाव, येलदरी, मांजरा, विष्णुपुरी यांचा रोजचा साठा तो वहीत लिहायचा. पाव्हणे चपला काढायच्या आत जायकवाडीचे २७ दरवाजे आणि १५२२ फुटांची पूर्ण पातळी ऐकवायचा.

तसं पाहिलं तर ऑगस्टमध्ये मराठवाड्यातल्या कुठल्याही टपरीवर “जायकवाडी किती झालं?” हाच विषय असतो. आपला प्रश्न दिवाळीपर्यंत आटतो, त्याचा मे महिन्यातही चालू राहतो, एवढाच फरक.

मामांच्या सल्ल्यानं वही लोखंडी कपाटात गेली आणि मोबाइलचं नेट बंद झालं. दोन दिवस आरडाओरडा, मग शांतता. घरच्यांना वाटलं, सुधरला. तीन आठवड्यांत जेवण अर्ध्या भाकरीवर आलं, रात्री २ पर्यंत जागरण, आंघोळ बंद, कॉलेज बंद. तेव्हा त्याला घेऊन आले.

ही शांतता म्हणजे सुधारणा नव्हे. कुणी काही हिरावलेलं नसतानाही आवडीचा विषय आपोआप सुटला, दोन आठवडे तसंच राहिलं आणि झोप-भूक बदलली, तर नैराश्याची शंका घेऊन मनोविकारतज्ज्ञांना दाखवावं. मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. या मुलालाही आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं.

वही त्याच दिवशी परत द्यायला सांगितली, बिनशर्त. इथं बरीच घरं चुकतात. “दोन तास अभ्यास, मग वही” असं ठरवलं की विसाव्याची जागाच बक्षीस होते. मग अभ्यासातही डोक्यात वहीच राहते. ऑटिझमच्या अभ्यासक डायना मरे आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलं की ऑटिझममध्ये लक्ष थोड्याच गोष्टींवर, पण फार खोलवर एकवटतं. पाटाचं सगळं पाणी एकाच सरीत सोडल्यासारखं. ते दुसऱ्या सरीत वळवायला वेळ लागतो, एकदम बारं मोडलं, म्हणजे पाणी झटक्यात वळवलं, तर बांध फुटतो. म्हणून आधी १० मिनिटं सांगायचं, मग २ मिनिटं उरली की पुन्हा, आणि पुढं काय करायचंय तेही. झोप मोडत असेल, जेवण चुकत असेल किंवा जिवाला धोका असेल तिथं मर्यादा हवीच. पण ती वेळेला आणि जागेला घालावी, विषयाला नाही.

मग एकटेपणाकडे वळलो. ‘स्वमग्न’ हा शब्द इथं फसवतो. त्यातून वाटतं की याला माणसं नकोच आहेत. आई मित्र मोजत होती, त्याला मात्र “कोणासोबत बरं वाटतं? किती वेळानं थकवा येतो?” असं कुणी विचारलं नव्हतं. समोरासमोर त्याला उत्तर देता आलं नाही, मोबाइलवर टाइप करून दिलं. आतेभाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला, त्याची आठवण येते. शिवाय कॉलेजात चार मित्र आहेत, ते टपरीवर त्याला धरणांचे आकडे म्हणायला लावतात आणि व्हिडिओ काढतात.

चौघांना तो खरंच मित्र समजत होता. आम्ही विचारलं, “टोळकं नसताना त्यातला कुणी तुझ्याशी बोलतो का? स्वतःचं काही सांगतो का? तू गप्प बसलास तरी थांबतो का?” तिन्हीला त्यानं ‘नाही’ लिहिलं. व्हिडिओबाबत वडिलांनी कॉलेजकडे लेखी तक्रार दिली.

घरात रात्री ८ ते ८:२० ही वेळ धरणांची ठरली. वडिलांनी ऐकायचं आणि मनापासून एक तरी प्रश्न विचारायचा. पहिल्या आठवड्यात ते आडतीचे फोन घेत राहिले आणि सगळं बिनसलं. मग मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायला लागले. एरवी वेळ नसेल तर “आता नाही, ८ वाजता” असं स्पष्ट बोलायचं. जांभई देणं, घड्याळाकडे बघणं त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पाहुण्यांसाठी त्यानं एकच युक्ती घेतली: एक आकडा सांगायचा आणि विचारायचं, “तुमच्याकडं पाऊस कसाय?” डोळ्यांत बघून बोल, असा आग्रह आम्ही धरला नाही. स्वतः ऑटिस्टिक असलेले अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं; तेव्हा एकट्या मुलालाच शिकवत बसणं म्हणजे अर्धंच काम.

मित्र जोडून द्यायच्या घाईत घरच्यांनी त्याला मंगल कार्यालयातल्या एका वाढदिवसाला नेलं. पंधरा-वीस पोरं, डीजे. दहा मिनिटांत तो जिन्याखाली जाऊन बसला आणि पुढं दोन दिवस बोलला नाही. तिथून एक नियम ठरला: एका वेळी एकच माणूस, हाताला काम, शेजारी-शेजारी बसणं, ४५ मिनिटं, संपायची वेळ आधीच माहीत.

माणूस गल्लीतच सापडला, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले पाटकरी (कालव्याचं पाणी सोडणारे) काका. काम ठरलं पाऊस मोजायचं. दोन लिटरच्या सरळ बाटलीचा वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवला, बुडाला खडे टाकून बाहेरून चिकटवलेल्या पट्टीच्या शून्यापर्यंत पाणी भरलं. आधी बाटली पत्र्याच्या कडेला ठेवली होती, पन्हाळीचं पाणी पडून आकडा फुगला. आडोशाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर नेल्यावर जमलं. रोज सकाळी ८:३० ला नोंद. २.५ मिमी झाला तर पावसाचा दिवस. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर गेला की अतिवृष्टी, मग नुकसानभरपाईच्या गोष्टी निघतात, आणि तेव्हा गल्लीतली माणसं आकडा विचारायला येतात. आतेभावानंही पुण्यात बाटली लावली. तिघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ९ वाजता फक्त आकडे. बाकी गप्पा रविवारी.

सप्टेंबरमध्ये जायकवाडीचे दरवाजे उघडल्याचं कळताच तो न सांगता पैठणच्या एसटीत बसला, फोन बंद. संध्याकाळी सुखरूप आला, पण घर हादरलं. रागावण्याऐवजी कागदावर करार झाला: काका सोबत, जायची-यायची गाडी आधी लिहून, विसर्ग चालू असताना नदीपात्रात उतरायचं नाही. दुसरी खेप तशी झाली.

झोप दीड महिन्यात रुळावर आली, कॉलेजही सुरू झालं. तिथं नवा मित्र झालेला नाही. आईला ते अजून टोचतं. डबा तो वाचनालयाच्या ओट्यावर एकटाच खातो; विचारलं तर लिहून देतो, “तिथं शांत असतं.”