लघवीचा रिपोर्ट आला म्हणून फाइल बंद करू नकोस

अरे, तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण घाईत उत्तर द्यायचं नव्हतं. वॉर्डातला तो एकवीस वर्षांचा मुलगा, भिंतीतून लोक बोलतात म्हणतो, लघवीत गांजा पॉझिटिव्ह, आणि तू विचारतोयस की एमआरआय काढला तर स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार आहे की नशेचं आहे ते कळेल का. नाही कळणार. एमआरआय काढ, पण गाठबिठ नाही ना एवढं बघायला.

1976 मध्ये ब्रिटनमधल्या मानसोपचारतज्ज्ञ इव्ह जॉनस्टोन आणि त्यांच्या टीमने सीटी स्कॅनवर दाखवलं की स्किझोफ्रेनियाच्या जुन्या पेशंट्सच्या मेंदूतले व्हेंट्रिकल, म्हणजे पाण्याने भरलेल्या पोकळ्या, मोठे असतात, पुढे हिप्पोकॅम्पस (आठवणींशी जोडलेला भाग) लहान, ग्रे मॅटर (पेशींचा करडा थर) कमी असंही सापडत गेलं. पण ही गटाची सरासरी आहे रे, एकट्या पेशंटचा स्कॅन कितीदा तरी नॉर्मलच येतो, आणि वर्षानुवर्षं भरपूर गांजा ओढणाऱ्यांचाही हिप्पोकॅम्पस लहान सापडलाय, मग कशावरून ठरवशील?

डोपामिनचं, म्हणजे मेंदूच्या पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाचं, मात्र नीट समजून घे. स्किझोफ्रेनियात बाहेरून काहीही न घेता स्ट्रायटम या मेंदूच्या आतल्या भागात डोपामिन जास्त बनतं आणि जास्त सुटतं. मेथ (मेथॅम्फेटामिन, एक उत्तेजक नशा) घेतलं की पेशीत साठवलेलं डोपामिन बाहेर ढकललं जातं, केटामिन हे भुलीचं औषध पेशींवरचा एनएमडीए रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारं दार, अडवतं, एलएसडी सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनाच्या वाटेने जातं आणि म्हणून तिथे डोळ्यांना दिसणारे भास जास्त. गांजाचं तर उलटंच निघालं, नेहमी गांजा ओढणाऱ्या आणि ओढल्यावर भास-संशय येणाऱ्या लोकांचे पेट स्कॅन (मेंदूतल्या रसायनांचं काम दाखवणारे) केले तर डोपामिन बनवायची क्षमता चक्क कमी दिसली! पेशंट मात्र दोन्हीकडे तेच सांगतो, कुणीतरी माझ्या मागावर आहे. मला याचं अजून नवल वाटतं.

पण असा पेट स्कॅन रिसर्चपुरता, आपल्या हातात हिस्टरी आहे. त्याच्या आईला एकटीला बसव आणि विचार, आधी गांजा की आधी खोलीत कोंडून घेणं, आंघोळ सोडणं, कॉलेज बुडवणं? घरात आधी कुणाला होतं का? आणि नशा पूर्ण थांबून महिना उलटला तरी आवाज चालू असतील तर नशेवर ढकलू नकोस.

मी एकदा एका पेशंटचं असंच ढकललं होतं. "गांजाचंच आहे, सोडला की बरा होईल" म्हणून आठवड्यात गोळ्या बंद केल्या, फॉलो-अपची तारीखसुद्धा दिली नाही, त्याची आई आनंदाने पाया पडली माझ्या. दीड वर्षाने त्याला हातपाय बांधून आणला, मधले सगळे महिने तो उपचारांशिवाय होता. ते पाया पडणं अजून डोळ्यांसमोरून जात नाही. डेन्मार्कच्या 2018 च्या अभ्यासात गांजाने सायकोसिस (भास-संशय, वास्तवाचं भान सुटणं) झालेल्यांपैकी जवळपास 47 टक्के लोकांना पुढे स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर (कधी अतिउत्साह, कधी नैराश्य असा आजार) झाला, आणि कित्येकांना तो काही वर्षांनी झाला.

तेव्हा डिस्चार्ज कार्डवर पुढची तारीख ठळक लिही, नुसतं "गरज वाटल्यास या" नको. आईला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून दे, रात्री-अपरात्री लागला तर. आणि सोमवारी ओपीडीत तिला घेऊन ये, मी आहे, आपण दोघं मिळून बोलू तिच्याशी.