कंपनी एकच ठेवायची का? परवानाधारक वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार सर, मी कोरेगाव तालुक्यातला. आमच्या घरात आजोबांपासून वेब्ली अँड स्कॉटची दुनळी बारा बोअर आहे, आण्णा गेल्यावर लायसन्स माझ्या नावावर झालं. आता बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर घ्यायचंय आणि तेही वेब्लीचंच घ्यावं असं मनात आहे, म्हणजे घरात एका कंपनीचा जोड होईल, आणि आता तर वेब्ली भारतातच बनतं. मामा मिलिटरीतनं रिटायर झालेत, ते म्हणतात ऑर्डनन्सचं, म्हणजे सरकारी कारखान्याचं, सोडून दुसरं काही घ्यायचं नाही. कुणाचं ऐकू? पुढं हळूहळू कलेक्शन वाढवायचाही विचार आहे.

उत्तर : आधी कलेक्शनचं बोलू, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली आधी एका माणसाला तीन हत्यारं ठेवता यायची, 2019 च्या दुरुस्तीनं ती दोन केली. ते 14 डिसेंबर 2019 पासून लागू झालं आणि ज्यांच्याकडं तिसरं होतं त्यांना वर्षाच्या आत ते जमा करावं लागलं. वारसानं आलेलं हत्यारही या दोनात धरतात. नामवंत नेमबाजांना वेगळी सूट आहे, पण ती तुमच्या-माझ्यासारख्याला नाही. म्हणजे आजोबांची बंदूक एक आणि हे रिव्हॉल्व्हर दुसरं, संपलं, तुमचं कलेक्शन पूर्ण झालं. आता ही एकच जागा उरलीय आणि ती नुसता शिक्का जुळावा म्हणून भरायची हे मला पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तुमच्या घरातली बंदूक इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमची. त्या कारखान्यात 1979 साली बंदुका बनवणं थांबलं, पुढं ते नाव एअरगनवर राहिलं. आज बाजारात जे वेब्लीचं बत्तीस मिळतं ते उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात बनतं. माल वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण आजोबांच्या बंदुकीनं तीन पिढ्या साथ दिली त्याचं पुण्य या रिव्हॉल्व्हरच्या खात्यावर जमा होत नाही, कारागीर वेगळे, मशिनी वेगळ्या, पोलाद वेगळं. मालक तर बऱ्याच नावांचे बदललेत. बीएसए म्हटलं की आपल्याकडची जुनी माणसं अजून बर्मिंगहॅम धरून बोलतात, पण बीएसए गन्स 1986 मध्ये स्पेनच्या गामोनं घेतली, आणि जर्मनीची वाल्थर 1993 पासून उमारेक्स या दुसऱ्या जर्मन कंपनीकडं आहे. तेव्हा नाव बघून घेताना ते नाव आज कुणाकडं आहे आणि हा नग कुठल्या कारखान्यातनं आलाय हे दोन्ही दुकानदाराला विचारायचंच.

आता मामांचं. ऑर्डनन्सचं जे बत्तीसचं रिव्हॉल्व्हर आहे, कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं, सहा गोळ्यांचं आणि मधनं मोडून उघडणारं, त्याची मूळ रचना वेब्लीच्या मार्क फोर या जुन्या रिव्हॉल्व्हरवरनंच घेतलेली आहे. म्हणजे तुम्ही दोघं ज्याच्यावरनं वाद घालताय त्याचं घराणं एकच आहे. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डसुद्धा 1 ऑक्टोबर 2021 पासून राहिलेलं नाही, त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या आणि कानपूरचा हा कारखाना त्यातल्या अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडियाकडं गेला. मामांनी आयुष्यभर सरकारी हत्यार वापरलंय, त्यांचा विश्वास समजू शकतो, आणि पार्टस् व दुरुस्तीच्या बाबतीत त्यांच्या म्हणण्यात दमही आहे. पण तो दम कंपनीच्या नावामुळं नाही, सातारा-पुण्यातल्या लायसन्सवाल्या दुरुस्तीवाल्यांचा हात त्या मॉडेलवर बसलेला असतो त्यामुळं आहे.

मग बघायचं काय, तर आधी लायसन्सवर रिव्हॉल्व्हरची नोंद करून घ्या, आणि मग दुकानात दोन्ही नग शेजारी शेजारी ठेवायला सांगा. रिकामं आहे हे दुकानदाराकडनं नाही, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. घोडा, म्हणजे मागचा हातोडा, मागं ओढून धरल्यावर गोळ्यांची चक्री बोटानं हलवून बघा, ती खडखड हलायला नको, घट्ट बसलेली पाहिजे. तळहातात मूठ भरते का, पहिलं बोट ट्रिगरवर सहज जातं का की ताणावं लागतं, दुसऱ्या हाताचा आधार न घेता घोडा ओढता येतो का. कानपूरचंच निर्भीक नावाचं रिव्हॉल्व्हर 2014 मध्ये आलं ते साधारण अर्धा किलोचं, हलकं, खिशाला बरं वाटतं, पण हलक्या हत्याराचा धक्का हाताला जास्त लागतो, तेव्हा नुसतं उचलून ठरवू नका. आणि त्याच दुकानदाराला विचारा, स्प्रिंग तुटली तर किती दिवसात देणार. जो सरळ उत्तर देईल त्याच्याकडनं घ्या, मग शिक्का कुठलाही असो.

तुमच्या आजोबांच्या बंदुकीबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण मला ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. नळ्यांखालचा लाकडी तुकडा काढा, नळ्या वेगळ्या करा आणि त्यांच्या बुडाची सपाट बाजू उजेडात धरून बघा, तिथं बारीक शिक्के असतात, प्रूफ हाऊसचे, म्हणजे नळीची मजबुती तपासणाऱ्या संस्थेचे. चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेची, लांबीही बऱ्याचदा तिथं कोरलेली असते. जुन्या इंग्लिश बंदुका पुष्कळदा अडीच इंची चेंबरच्या असतात आणि आजची काडतुसं सर्रास पावणेतीन इंची, म्हणजे सत्तर मिलिमीटरची. गंमत अशी की न उडालेलं काडतूस त्या आखूड चेंबरमध्ये आरामात जातं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं, त्यामुळं माणसाला वाटतं बसलं म्हणजे बरोबर आहे. उडताना ते तोंड उलगडून पुढच्या निमुळत्या भागात शिरतं आणि दाब एकदम वाढतो. एका दिवसात कदाचित काही दिसणार नाही, पण बंदूक आतनं ढिली होत जाते, आणि नळ्या दमास्कसच्या असल्या, म्हणजे अंगावर लाटांसारखी नक्षी दिसली, तर आजची काडतुसं त्यात घालायचीच नाहीत. शिक्के वाचता आले नाहीत तर लायसन्सवाल्या गनस्मिथकडं न्या, त्याआधी एकही काडतूस उडवू नका.

आणि नळीवरच्या नावावरही डोळे झाकून जाऊ नका. बेल्जियममधनं एके काळी ढिगानं स्वस्त बंदुका आल्या, त्यांच्यावर डब्ल्यू. रिचर्ड्‌स असं छापलेलं, म्हणजे वेस्टली रिचर्ड्‌स ही नामांकित इंग्लिश कंपनी समजून माणसानं घ्यावी. नाव कुणालाही कोरता येतं. बुडाशी लिएज या बेल्जियमच्या शहरातल्या प्रूफ हाऊसचा, अंडाकृती चौकटीतला ईएलजीचा शिक्का निघाला की बंदूक बेल्जियमची, वर काहीही लिहिलेलं असू दे.

एक जाता जाता, इलेक्शनला हत्यार ठाण्यात जमा करताना नळी आतनं तेल लावून पुसून द्या आणि पावतीवर बॉडीचा नंबर लायसन्सशी जुळतो का तिथंच उभं राहून बघा.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, आम्ही सांगलीचे. ती क्लबात दहा मीटर एअर रायफल मारते, तिथं सगळ्या वाल्थर आहेत. आता स्वतःची घ्यायची म्हटलं तर कोण म्हणतं फाइनवर्कबाऊ घ्या, कोण म्हणतं स्वप्नील कुसाळेकडं कुठली आहे ते बघून घ्या. आमचं बजेट एकदाच आहे हो.

उत्तर : ताई, इथं मात्र मी कंपनी न बदलण्याच्या बाजूनं आहे. पोरीचा गाल, खांदा, डोळा एका रायफलीला सरावलाय. बट प्लेटची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या भागाची ठेवण, साइटचे क्लिक, हवेचा सिलिंडर भरायचा अॅडॉप्टर, सगळं तिच्या आणि तिच्या सरांच्या सवयीचं आहे, स्पर्धेच्या सकाळी काही बिघडलं तर क्लबातल्या दुसऱ्या वाल्थरचा पार्ट तात्पुरता मिळेल. फाइनवर्कबाऊ उत्तमच आहे, जर्मनीत ओबर्नडॉर्फला, माउझर या बंदुकांच्या कंपनीतनं बाहेर पडलेल्या इंजिनियरांनी उभी केलेली कंपनी आहे ती, पण उत्तम असणं आणि तुमच्या मुलीला बसणं या दोन वेगळ्या गोष्टी. तिचे हात लांब होतायत, उंची वाढतीय, तेव्हा अॅडजस्टमेंट जास्त असलेलं मॉडेल घ्या आणि वजन आधी तपासा. नियमात साडेपाच किलोपर्यंत चालते म्हणून नववीतल्या मुलीच्या पाठीवर तेवढं टाकायचं नसतं.

कांबळवाडीच्या स्वप्नीलनं पॅरिसला 2024 मध्ये ब्राँझ आणलं ते 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये, तो काडतुसाच्या पॉइंट टू टू रायफलीचा इव्हेंट आहे, मुलीच्या इव्हेंटशी त्या रायफलीचा संबंध नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन झाल्या तोही 50 मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या इव्हेंटमध्ये. मुलीनं त्यांच्याकडनं शिकावं ते पोझिशन धरून तासन्‌तास स्थिर राहणं, ते बाजारात मिळत नाही.

सेकंडहँड बघत असाल तर सिलिंडरवरची मुदतीची तारीख पहिली वाचा. मुदत संपलेला सिलिंडर मॅचला चालत नाही आणि तो वापरायचाही नसतो, नवीन सिलिंडरचा खर्च धरून मगच भाव करा. छर्ऱ्यांचं म्हणाल तर दोन-तीन कंपन्यांचे डबे आणून रायफल स्टँडला बांधून सरांना टेस्ट करायला सांगा, ज्या लॉटचे छर्रे एका भोकात पडतात त्या लॉटचे पुढचे डबे तिथंच बुक करा. लायसन्सची काळजी नको, 4.5 मिलिमीटर आणि 20 ज्यूलच्या आतली एअर रायफल लायसन्सशिवाय ठेवता येते. फक्त घरातल्या बाकी पोरांना गच्चीवरनं पारवे मारायला ती द्यायची नाही, रायफल कुलपात आणि छर्रे वेगळ्या कुलपात.

प्रश्न : पाटण तालुक्यातलं आमचं जुनं घर पाडताना माळ्यावर ठासणीची बंदूक सापडली. खटक्याजवळ मुकुट आणि टॉवर असं इंग्रजीत कोरलंय. खरी इंग्रजांची असेल तर पॉलिश करून दिवाणखान्यात लावायचीय. कागद काहीच नाहीत.

उत्तर : ते कोरीव काम बाजूला ठेवा. टॉवर हा इंग्रज सरकारच्या शस्त्रागाराचा शिक्का, पण त्याच्या नकला आपल्याकडं इतक्या झाल्यात की त्यावरनं काहीच ठरत नाही. महत्त्वाचं वेगळं आहे. ठासणीच्या बंदुका भरलेल्या अवस्थेत माळ्यावर पडून राहिलेल्या सापडतात आणि आतली दारू वर्षानुवर्षांनंतरही पेटू शकते. तेव्हा नळीत गज घालू नका, खटक्याला हात लावू नका, चुलीजवळ किंवा वेल्डिंगजवळ नेऊ नका, आणि पॉलिश तर अजिबात नको, जुन्या वस्तूवरचा काळपट थर घासला की तिची किंमतही जाते आणि शिक्केही. नळीचं तोंड कुणाकडंही येणार नाही अशी भिंतीकडं करून ठेवा, खोलीला कुलूप घाला आणि आजच पाटण पोलीस ठाण्यात जाऊन सापडल्याचं लेखी द्या, त्या अर्जाची पोच घ्या, बंदूक स्वतः उचलून ठाण्यात नेऊ नका, त्यांना घरी येऊन बघू द्या. पुढं ती घरात ठेवता येईल की जमा करावी लागेल ते जिल्हाधिकारी कार्यालयाची शस्त्र परवाना शाखा ठरवेल, आणि ती शंभर वर्षांवरची निघाली तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली नोंदणी लागेल का तेही तिथंच विचारून घ्या. घर पाडणाऱ्या गड्यांना तोवर त्या खोलीत कामाला लावू नका.