वाचकांचे प्रश्न : निळ्या हिऱ्याची अंगठी झाळायला देताना

प्रश्न : माझ्या अंगठीतला हिरा निळा आहे. सर्टिफिकेटवर ‘ट्रीटेड – इरॅडिएटेड’ असे लिहिले आहे. एक प्राँग (खडा धरून ठेवणारी नखी) तुटलाय. इथल्या सराफ बाजारातला कारागीर म्हणतो, “हिऱ्याला आगीने काही होत नाही, खडा न काढताच झाळून देतो.” देऊ का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नको. खडा काढल्याशिवाय टॉर्च, म्हणजे झाळायची गॅसची ज्योत, लावू देऊ नका. हवेत फार तापला तर कोणत्याही हिऱ्याचा पृष्ठभाग जळून दुधाळ होतो, म्हणून चांगले कारागीर आधी स्पिरिटमध्ये कालवलेल्या बोरिक पावडरीचा लेप देतात. साध्या पांढऱ्या हिऱ्याला तो बहुतेक वेळा पुरतो. पण हा लेप हवा अडवतो, उष्णता अडवत नाही. आणि तुमच्या खड्याला भीती उष्णतेचीच आहे.

इरॅडिएशनमध्ये पैलू पाडलेल्या हिऱ्यावर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा करतात. त्याने काही कार्बन अणू जागचे हलतात. मागे उरलेल्या रिकाम्या जागा तांबडा प्रकाश शोषतात, म्हणून खडा निळा किंवा निळसर हिरवा दिसतो. साधारण 500-600 अंश सेल्सिअसच्या पुढे या जागा सरकू लागतात, नायट्रोजनच्या अणूंशी जाऊन जुळतात आणि रंग पिवळ्या-तपकिरीकडे झुकतो. कारखान्यात हेच मुद्दाम, तापमान मोजून करतात. बाजारातले कित्येक गडद पिवळे, नारिंगी खडे असेच तयार झालेले असतात. कारागिराच्या टॉर्चखाली मात्र ते मोजमाप नसते. सोन्याचा डाग, म्हणजे झाळताना वापरायचा मिश्रधातू, वितळायलाच 700 अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि प्राँग तर खड्याला टेकलेलाच असतो. एकदा गेलेला निळा रंग घासूनपुसून परत येत नाही.

तेव्हा खडा काढून प्राँग झाळून घ्या, मग पुन्हा बसवा. किंवा लेसर वेल्डिंग करणारा कारागीर गाठा. त्यात उष्णता टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत राहते. ‘ट्रीटेड हिरा, ज्योत लावू नये’ असे पावतीवर लिहून घ्या. खडा पुन्हा पॉलिश करायलाही देऊ नका, कारण इलेक्ट्रॉनांचा रंग बहुधा वरच्या पातळ थरातच असतो.

प्रश्न : असा हिरा अंगावर घातल्याने किरणोत्सर्गाचा धोका असतो का?

उत्तर : इलेक्ट्रॉनांनी रंगवलेल्या खड्यात नसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम क्रूक्स यांनी रेडियमच्या क्षारात ठेवून हिरे हिरवे केले होते. ते मात्र किरणोत्सारी झाले, आणि रेडियमचे अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षे असल्याने तसेच राहिले. जुन्या संग्रहातला हिरवा खडा घेताना तपासणी हवीच.

प्रश्न : पिवळसर हिरा पांढरा करून मिळतो, असे एकाने सांगितले. खरे का?

उत्तर : सरसकट नाही. जास्त दाब आणि जास्त तापमानाच्या, म्हणजे एचपीएचटी पद्धतीत हिरा 50-60 हजार वातावरणांच्या दाबाखाली 2000 अंशांच्या आसपास तापवतात. पांढरा होतो तो प्रामुख्याने टाइप टू-ए प्रकारातला तपकिरी हिरा, ज्यात नायट्रोजन जवळजवळ नसतो. नैसर्गिक हिऱ्यांत हा प्रकार शंभरात दोनही भरत नाही. तुमच्या हिऱ्याचा पिवळेपणा नायट्रोजनमुळे असेल तर तो या पद्धतीने जात नाही. ‘पिवळ्याचा पांढरा करून देतो’ असे कोणी म्हणाले, तर पॅव्हेलियनवर, म्हणजे खड्याच्या खालच्या बाजूला, निळसर लेप चढवण्याचा प्रकार नाही ना, हे आधी विचारा. पिवळ्यावर फिकट निळा चढवला की डोळ्यांना पांढरे दिसते. दहापट भिंगातून गर्डलजवळ, म्हणजे खड्याच्या सर्वांत रुंद कडेजवळ, आणि पैलूंच्या कडांवर पाहा : लेप असेल तर तिथे सोललेले ठिपके, बारीक ओरखडे दिसतात. हा लेप ॲसिडमध्ये, टॉर्चखाली निघतो, कधी वाफेच्या सफाईतही. असा खडा कोमट पाण्यात सौम्य साबण घालून, मऊ ब्रशने हलक्या हाताने धुवावा.