ड्रेन : आधी फडकं, मग नाली

दर्यापूरकडच्या एका वाचकांचा प्रश्न : "पोरं म्हणतात बॅटरी ड्रेन झाली, आणि गावातल्या नालीलाही ड्रेनच म्हणतात. शब्द एक की दोन?"

एकच. नाली, पाणी काढून देणं, पैसा किंवा ताकद हळूहळू संपणं, हे अर्थ कुठल्याही शाळकरी कोशात आहेत. त्यात वेळ घालवत नाही. माझं दुखणं 'ड्रेनेज' आहे. पावसाळ्यात हमखास कानावर येतं, "वावरात ड्रेनेज साचलं, पऱ्हाटी (कपाशी) पिवळी पडली." अहो, साचलं ते पाणी! ड्रेनेज म्हणजे ते निघून जाणं. ते नाही म्हणून तर वावर चिबडलं.

मूळ पाहिलं की हा घोळ होत नाही, आणि मूळ मोठं झकास आहे. जुन्या इंग्रजीत 'ड्रेन' या क्रियापदाचा अर्थ होता गाळणं. बायबलात मत्तयाच्या २३व्या अध्यायात येशू ढोंगी शास्त्र्यांना सुनावतो : तुम्ही चिलट गाळून काढता आणि उंट गिळता. या ओळीच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात 'गाळता'साठी हेच क्रियापद बसलंय. म्हणजे आधी गाळायचं फडकं, नाली नंतर. शिवाय त्याचं गोत्र 'ड्राय'शी, कोरडेपणाशी, जुळवतात. ज्याच्या पोटात कोरडं आहे, ते साचेल कसं?

आता ते 'सगळं संस्कृतातून' पंथाचे विद्वान. म्हणे 'द्रु' म्हणजे वाहणं, त्यापासूनच्या 'द्रवण'चं 'ड्रेन' झालं! संस्कृत 'द' इंग्रजीत 'ट' होऊन भेटतो : दश-टेन, द्वि-टू, दन्त-टूथ. लाकूड या अर्थाच्या 'द्रु'चा भाऊ तिकडे 'ट्री' आहे. वाहण्याच्या 'द्रु'लाच तेवढी सूट कोणी दिली? कानाला सारखं लागलं की सोयरीक जुळवायची, ही व्युत्पत्ती नव्हे.

मराठीत निचरा आहेच, पण माझ्या मते ड्रेनचा खरा जोडीदार वाफसा. निचरा ही क्रिया, वाफसा, म्हणजे मशागतीजोगा ओलावा, तिचं फळ. विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातली, खाऱ्या पाण्याच्या भागातली, काळी चिकण माती पाणी धरून बसते. तिथल्या माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही. मूठभर माती दाबायची. गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला, तर वाफसा. हाताला चिकटली, तर डवरा (कोळपं) घरीच राहू द्या. कोरडंही नाही, ओलंही नाही, या नेमक्या अवस्थेला इंग्रजीत असा सुटसुटीत एक शब्द असेल तर दाखवा.

दादाभाई नौरोजींचा 'ड्रेन' मात्र वेगळा. १९०१च्या ग्रंथात त्यांनी भारताची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते ते मांडलं. तिथे निचरा म्हणू नका. निचऱ्याने पीक जगतं, त्या ड्रेनने देश सुकला.

हां, बॅटरी. ती आपल्याकडे उतरते. ड्रेन झाली म्हटलं तरी चूक नाही. पण गावच्या फलकावर 'ड्रेन बांधकाम' कशाला? 'नाली' लिहायला रंगही तेवढाच लागतो.