उपग्रहाच्या चाचण्या आधीच झालेल्या असताना प्रक्षेपणस्थळी दीड-दोन महिने काय चालतं?

तुमचा प्रश्न असा: पृथ्वीनिरीक्षण उपग्रहाच्या सगळ्या चाचण्या कारखान्यातच पूर्ण होतात, मग प्रक्षेपणस्थळी नेल्यावर पुन्हा इतके आठवडे काय करतात? सरळ रॉकेटवर बसवून सोडत का नाहीत?

सोडत नाहीत, कारण चाचण्यांत पास झालेला उपग्रह आणि प्रक्षेपणस्थळी कंटेनरमधून बाहेर आलेला उपग्रह यांत काहीही फरक पडलेला नाही, हे आधी सिद्ध करावं लागतं. इंधन भरणं, रॉकेटवर चढवणं ही कामं असतातच, पण ती तुलनेने थोड्या दिवसांची. बाकीचा बराचसा वेळ या खात्रीत जातो. मी उपग्रहांच्या जुळवणी आणि चाचणीच्या टीममध्ये काम करते आणि माझ्याकडे मुख्यतः स्वच्छतेची जबाबदारी असते, त्यामुळे त्या बाजूबद्दल जरा जास्त लिहिते.

आधी कारखान्यातल्या चाचण्यांबद्दल थोडक्यात. उपग्रह शेकर टेबलवर बसवून हादरवतात, मोठ्या कर्ण्यांच्या खोलीत १४० डेसिबलच्या आसपासच्या आवाजात ठेवतात, आणि मग थर्मोव्हॅक चेंबरमध्ये निर्वात जागेत काही आठवडे गरम-थंड करत चालू ठेवतात. कंपन चाचणीतली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. खऱ्या जोरदार हादऱ्यांच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा अगदी हलक्या कंपनांची एक फेरी घेतात. उपग्रहाचा प्रत्येक भाग कोणत्या वारंवारतेला जास्त थरथरतो याचा आलेख त्यातून मिळतो. मडकं घेताना आपण वाजवून बघतो ना, तोच प्रकार. नंतरच्या आलेखात एखादं शिखर जागेवरून सरकलं असेल, तर आत कुठेतरी बोल्ट सैल झालाय किंवा जोड उकललाय. बाहेरून बघून हे कधीच कळलं नसतं. दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवून बघताना टीममधलं कुणीही हलत नाही.

मग प्रवास. उपग्रह हवाबंद कंटेनरमध्ये जातो. आत कोरडा नायट्रोजन किंवा कोरडी स्वच्छ हवा भरलेली असते आणि तिचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात, म्हणजे एखादी फट राहिलीच तर हवा बाहेर जाईल, धूळ आत येणार नाही. सोबत धक्के, तापमान आणि आर्द्रता नोंदवणारी यंत्रं. पोहोचल्यावर उपग्रहाच्याही आधी त्या नोंदी बघतात. कंटेनर बाहेरून पुसून घेतात, तोही लगेच उघडत नाहीत. आतलं तापमान खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबतात. कॅमेऱ्याच्या थंड आरशावर दव धरलं तर पुढचं सगळंच अवघड.

मग तीच इलेक्ट्रिकल चाचणी, तेच कमांड, त्याच क्रमाने. इथे आकडा मर्यादेत आहे का, एवढंच बघून भागत नाही. कारखान्यात हाच आकडा किती होता आणि आज किती आहे, हे बघायचं असतं. एखाद्या रिॲक्शन व्हीलचा (उपग्रहाला हवं तसं वळवणाऱ्या फिरत्या चाकाचा) करंट मर्यादेत आहे पण मागच्या तीन चाचण्यांपेक्षा थोडा वर गेलाय, तर काम तिथेच थांबतं आणि कारण सापडेपर्यंत पुढे जात नाही. बाहेरच्या माणसाला हा वेळकाढूपणा वाटतो. मला तो या कामातला सर्वात प्रामाणिक भाग वाटतो.

आता स्वच्छता. दळणवळण उपग्रहापेक्षा पृथ्वीनिरीक्षण उपग्रह याबाबतीत फार नाजूक. तो फक्त फोटो काढत नाही, तो मोजमाप करतो. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाचं उदाहरण घ्या. ७८६ किलोमीटर उंचीवरून १३ वेगवेगळ्या तरंगलांबी-पट्ट्यांमध्ये जमिनीवरून येणारा प्रकाश तो मोजतो, आणि त्या मोजमापातली चूक ५ टक्क्यांच्या आत ठेवायची अट होती, शक्य झाल्यास ३ टक्क्यांच्या. त्यासाठी प्रक्षेपणाआधी कॅमेऱ्यासमोर ठाऊक असलेल्या तेजाचा प्रकाशस्रोत ठेवून 'एवढ्या प्रकाशाला एवढा आकडा' हे नातं ठरवून घेतात. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. आता या कॅलिब्रेशननंतर आरशावर एक पातळ थर बसला, तर ते नातं बिघडलं. चित्रं दिसायला छानच येतील, पण पिकांचा हिरवेपणा, पाण्याचा गढूळपणा, बर्फाचं तेज, सगळे आकडे थोडे थोडे चुकतील, आणि ते चुकताहेत हे लवकर कळणारही नाही.

हा थर दोन प्रकारचा. पहिला धुळीचा. आम्ही दिवे बंद करून अतिनील टॉर्च घेऊन उपग्रहाभोवती फिरतो. साध्या उजेडात चकचकीत दिसणाऱ्या पृष्ठभागावर कपड्याचे बारीक धागे, त्वचेचे कण निळसर-पांढरे चमकू लागतात. प्रत्येक कण मऊ ब्रश आणि फिल्टर लावलेल्या व्हॅक्यूमने उचलायचा. सोलर पॅनेलची कड, केबलच्या गुंडाळ्या, सोनेरी दिसणाऱ्या उष्णतारोधक चादरीच्या शिवणी या ठरलेल्या जागा. धूळ तिथेच दबा धरून बसते. डोक्यापासून पायापर्यंत झाकून, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधून हे तासन् तास चालतं. खोलीतली हवा गाळलेली असते आणि आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. त्याहून कोरडी झाली तर स्थिर विजेचा धोका, दमट झाली तर गंजाचा.

दुसरा प्रकार डोळ्यांना दिसत नाही. डिंक, रंग, प्लास्टिक, केबलचं आवरण, सगळ्यांतून निर्वात जागेत वाफा निघतात आणि जो भाग सगळ्यात थंड असेल त्यावर जाऊन बसतात. इन्फ्रारेड उपकरणात सगळ्यात थंड भाग कोणता? नेमका डिटेक्टर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग. म्हणून उपग्रहात वापरायचा प्रत्येक पदार्थ आधी निर्वात जागेत १२५ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवून तपासतात. वजनातली घट १ टक्क्यापेक्षा आणि थंड पट्टीवर साचलेला अंश ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असेल, तर सहसा तो पदार्थ बाद. एवढं करूनही पाण्याची वाफ उरतेच. लँडसॅट-५ या अमेरिकन पृथ्वीनिरीक्षण उपग्रहावरच्या थंड डिटेक्टरसमोर बर्फाचा पातळ थर साचत असे आणि तो घालवायला तो भाग अधूनमधून गरम करावा लागे. म्हणून प्रक्षेपणस्थळीही कॅमेऱ्याच्या दुर्बिणीच्या आत सतत शुद्ध कोरडा नायट्रोजन सोडलेला असतो, आणि शेजारी छोट्या चाचणी-पट्ट्या ठेवलेल्या असतात. या आठवड्यांत उपग्रहावर किती काय बसलं असेल, हे त्या पट्ट्या मोजून कळतं.

आता कागदपत्रांबद्दल. नव्या मुलांना सर्वात कंटाळा याचाच येतो, आणि माझं सर्वात आग्रहाचं म्हणणंही याबद्दलच आहे. ६ सप्टेंबर २००३ ला अमेरिकेत सनीव्हेल इथे 'एनओएए-एन प्राइम' हा हवामान उपग्रह उभ्याचा आडवा करताना गाड्यावरून निसटून जमिनीवर पडला. उपग्रह आणि गाडा यांच्यामधल्या पट्टीला २४ बोल्ट हवे होते, तिथे एकही नव्हता. दुसऱ्या कामासाठी ते कुणीतरी काढले होते आणि त्याची नोंद झाली नव्हती. त्या दिवशीच्या टीमने बोल्ट जागेवर आहेत का, हे प्रत्यक्ष बघायला हवं होतं. जुन्या कागदांच्या भरवशावर सही झाली. दुरुस्तीला सुमारे १३.५ कोटी डॉलर लागले आणि उपग्रह ६ फेब्रुवारी २००९ ला उडाला.

त्यात कुणी अडाणी नव्हतं, अनुभवी माणसं होती. म्हणूनच प्रक्षेपणस्थळी एकजण पायरी वाचतो, दुसरा करतो, तिसरा स्वतःच्या डोळ्यांनी बघून सही करतो, आणि या गोष्टीला कुणीही फाटा देत नाही. जमिनीवरच लावायच्या आणि उडण्याआधी काढायच्या प्रत्येक वस्तूला लाल टॅग असतो: लेन्सवरची झाकणं, सेन्सरवरच्या टोप्या, सुरक्षिततेसाठी बसवलेले प्लग. उडण्याआधी बसवायच्या वस्तूंना हिरवा. शेवटी सगळे लाल टॅग एका टेबलावर मांडून यादीशी ताडून बघतात. एक जरी कमी भरला, तरी तो सापडल्याशिवाय कुणी जेवायलाही जात नाही.

इंधन सगळ्यात शेवटी, आणि त्यालाही कारण आहे. बहुतेक पृथ्वीनिरीक्षण उपग्रहांत हायड्राझीन असतं. ते अतिशय विषारी असतं, आणि २ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतं. ते भरताना इमारत रिकामी करतात. आत मोजकीच माणसं असतात, ती पूर्ण बंद पोशाखात आणि स्वतंत्र हवेवर. बाहेर अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका तयार. त्याआधी हेलियम वापरून टाक्या आणि नळ्यांची गळती तपासलेली असते. इंधन भरलं की उपग्रहाला हात लावायचे नियमच बदलतात. आदल्या दिवशी तासाभरात बदलता आला असता असा एखादा कनेक्टर आता मोठ्या मंजुरीचा विषय होतो. म्हणून मनातली प्रत्येक शंका इंधनाच्या आधी मिटवायची.

त्यानंतर अडॅप्टरवर (रॉकेटला जोडणाऱ्या कड्यावर) बसवणं, उपग्रहाला तिथे धरून ठेवणारा क्लॅम्पबँड हा पट्टा ठरलेल्या ताणाने आवळणं, फेअरिंग म्हणजे रॉकेटच्या टोकाचं संरक्षक आवरण बंद करणं. इथून पुढे उपग्रह दिसत नाही. फेअरिंगच्या आत गाळलेली थंड हवा सोडत राहतात आणि केबलमधून बॅटरी चार्ज होत राहते. याच आठवड्यांत दुसरीकडे नियंत्रण केंद्रातली मंडळी पहिल्या काही दिवसांची रंगीत तालीम करत असतात. मुद्दाम बिघाड घालून त्यांची परीक्षा घेतात.

एवढं करूनही सगळं आपल्या हातात नसतंच. २४ फेब्रुवारी २००९ ला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या 'ओसीओ' उपग्रहाच्या रॉकेटची फेअरिंग उघडलीच नाही आणि तो कक्षेत पोहोचला नाही. त्याची जागा घ्यायला 'ओसीओ-२' २ जुलै २०१४ ला गेला. मध्ये पाच वर्षं गेली.

उशिराबद्दलही तुमच्या प्रश्नात नाराजी दिसते, म्हणून हे एक. निसार या नासा आणि इस्रोच्या रडार उपग्रहाचा १२ मीटर व्यासाचा अँटेना रिफ्लेक्टर मिटलेल्या अवस्थेत अंदाजापेक्षा जास्त तापू शकतो, असं चाचण्यांतून लक्षात आलं. २०२४ मध्ये तो बंगळुरूहून कॅलिफोर्नियाला परत नेला, उष्णता परतवणारं आवरण चढवलं आणि पुन्हा आणला. बातम्यांत 'प्रक्षेपण लांबणीवर' एवढंच आलं. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून तो गेला, आणि पुढे तो रिफ्लेक्टर कक्षेत व्यवस्थित उघडला. जमिनीवर सापडलेला दोष महिने खातो, पण वर गेल्यावर सापडलेल्या दोषाला बहुधा इलाजच नसतो.

शेवटी वेळेचं. असे बरेच उपग्रह सूर्यसमकालिक कक्षेत जातात, म्हणजे विषुववृत्त रोज त्याच स्थानिक वेळी ओलांडतात. सेंटिनेल-२ साठी ती वेळ सकाळी साडेदहा. सावल्या दरवेळी सारख्या पडाव्यात म्हणून हा खटाटोप. पण त्यामुळे प्रक्षेपणाची वेळही जवळपास ठरूनच जाते. १० मिनिटं उशीर म्हणजे तेवढ्यात पृथ्वी अडीच अंश फिरलेली. त्यामुळे वेळ चुकली तर सहसा दुसऱ्या दिवशीच्या त्याच वेळेपर्यंत थांबतात.

पुढच्या वेळी थेट प्रक्षेपण बघाल तेव्हा उड्डाणाबरोबर टीव्ही बंद करू नका. उपग्रह रॉकेटपासून सुटला की त्याच्या तळाचे स्विच उघडतात आणि तो आपला आपण ट्रान्समीटर चालू करतो, सूर्य शोधतो, पॅनेल उघडतो. 'सिग्नल मिळाला' आणि 'पॅनेल उघडले' या दोन घोषणांची आम्ही वाट बघत असतो. चित्रं मात्र लगेच मागू नका. इन्फ्रारेड उपकरण असेल तर उरलेली वाफ निघून जावी म्हणून ते आधी मुद्दाम गरम ठेवतात, मग हळूहळू थंड करतात. सगळे आकडे पुन्हा एकदा तपासून माहिती वापरायला खुली व्हायला आणखी काही महिने लागतात.