पंपात आधी पाणी ओतावं लागतं

प्रश्न : उद्यमनगरात माझं पंप दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. मी नववीत शाळा सोडली, मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो. मुलगा बारावी सायन्सला, चाचणीत फिजिक्सला ५० पैकी १९. दोन रात्री जागून त्यानं दुकानाच्या कॉम्प्युटरवर लिनक्सचा नवा कर्नल टाकला. मशीन सुरूच होईना. मग त्यानंच ते सुरू केलं. म्हणाला, 'इनिशियल रॅमडिस्क बनवायची राहिली होती.' मी पाहुण्यांसमोर 'बिघडवण्यात हुशार' म्हटलं, तेव्हापासून बोलत नाही. कॉम्प्युटर कपाटात कुलूपबंद आहे. फुकटच्या लिनक्सवर पोट भरतं का? जेईईसाठी पुण्याला हॉस्टेलवर ठेवू का?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : भाऊ, १९ मार्कांपेक्षा मला पाहुण्यांसमोरचं ते वाक्य जास्त टोचलं. पोरगं बोलत नाही हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, खरं पत्र तेवढंच आहे.

त्यानं काय केलं ते तुमच्या भाषेत सांगतो. नदीवरचा पंप पाणी ओढतो, पण त्याआधी त्यात पाणी ओतावं लागतं. नाहीतर मोटर नुसती फिरते. लिनक्स ही विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिम आणि कर्नल म्हणजे तिचा गाभा. कर्नलचं तसंच आहे. त्याला डिस्क उघडायची असते आणि ती वाचून देणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, बऱ्याचदा त्याच डिस्कवर पडलेला असतो. म्हणून बूटलोडर, म्हणजे मशीन चालू होताना कर्नलला मेमरीत आणणारा प्रोग्राम, कर्नलसोबत एक छोटं गाठोडं मेमरीत ठेवतो, ती इनिशियल रॅमडिस्क. गाठोड्यातला ड्रायव्हर डिस्क उघडून देतो, पुढचं काम खऱ्या सिस्टिमचं. ड्रायव्हरची मॉड्यूल्स, म्हणजे सुटे भाग, त्या त्या कर्नलपुरतीच असतात, त्यामुळे नव्या कर्नलला नवं गाठोडं लागतं. उबुंटूसारख्या तयार लिनक्स सिस्टिममध्ये नेहमीच्या अपडेटला ते आपोआप बनतं. तुमच्या मुलानं बहुधा कर्नल हातानं बसवला आणि ही पायरी राहिली. मग 'रूट फाइल-सिस्टिम माउंट करता येत नाही' म्हणत कर्नल पॅनिक! म्हणजे मुख्य डिस्क उघडेना, म्हणून कर्नलनं हात टेकले.

तिथून बाहेर पडायचा नेहमीचा रस्ता म्हणजे ग्रब या बूटलोडरच्या मेन्यूतून जुन्या कर्नलवर जायचं, तिथून रॅमडिस्क बनवायची आणि मेन्यू ताजा करायचा. म्हणजे जुना कर्नल त्यानं उडवला नव्हता. सतरा-अठराव्या वर्षी हे भान फार थोड्या पोरांना असतं. तुम्ही मिस्त्रींकडे पहिला पंप खोलला तेव्हा एखादा वॉशर उरलाच असेल की!

चूक त्याचीही आहे आणि ती त्याला ठणकावून सांगा. ज्या मशीनवर दुकानाची बिलं आहेत, तिथं बॅकअप न घेता असले प्रयोग करायचे नसतात. नोकरीत हेच केलं तर घरी बसवतील.

आता 'फुकटचं लिनक्स'. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते चालवणारा माणूस फुकट मिळत नाही. विहिरीचं पाणी फुकट असतं, म्हणून तुमची मजुरी कुणी बुडवतं का? रेड हॅट ही कंपनी लिनक्सभोवतीच्या सेवेवर उभी राहिली आणि २०१९ मध्ये आयबीएमनं ती सुमारे ३४ अब्ज डॉलरला घेतली. जगातल्या पहिल्या ५०० सुपरकॉम्प्युटरच्या यादीत २०१७ पासून सगळी मशीन्स लिनक्सवर आहेत. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्यांची परीक्षाही, उदाहरणार्थ रेड हॅटची आरएचसीएसए, मशीनवर बसून काम करून दाखवायची असते. तिथं तुमचा पोरगा घाबरणार नाही.

बारावी चांगली करायची, एमएचटी-सीईटी द्यायची, मग इंजिनिअरिंग किंवा बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, हा रस्ता तुम्हाला माहीत आहे. फिजिक्सला शिकवणी लावा, इथंच, कोल्हापुरात. पुण्याचं हॉस्टेल विसरा. जो बापाशी बोलत नाही त्याला लांब पाठवलं, तर तो लांबच राहील.

कपाटाची किल्ली त्याच्या हातात द्या. बिलं दुसऱ्या मशीनवर हलवा आणि प्रयोगाला एखादा जुना लॅपटॉप घेऊन द्या. देताना एवढंच विचारा : 'नव्या रॅमडिस्कमध्ये डिस्कचा ड्रायव्हर खरंच आलाय, हे तू उघडून बघितलंस का?' तो काय म्हणतो ते मला कळवा.