पॅराप्लेजिक (दोन्ही पाय लुळे पडलेल्या) माणसाचा खांदा दुखतोय, डॉक्टर म्हणतात हाताला आराम द्या, मग करायचं काय?

तुम्ही लिहिलंय की भाऊ विहिरीत पडला, मणक्याला मार लागला, ४ वर्षांपासून व्हीलचेअरवर आहे आणि आता उजवा खांदा रात्री कुशीवर झोपू देत नाही. मी पण पॅराप्लेजिकच आहे, परभणीकडची, माझे दोन्ही खांदे यातून गेलेत. पूर्ण आराम आपल्याला जमतच नाही ओ, हात बांधून ठेवला तर पलंगावरून खुर्चीत न् खुर्चीतून संडासला जायचं कसं? म्हणून हात चालूच ठेवायचा, त्याच्यावरचा भार कमी करायचा.

अंगाचं वजन हातावर घेतलं की दंडाचं हाड वर सरकतं आणि रोटेटर कफ, म्हणजे खांदा धरून ठेवणारे स्नायू न् त्यांच्या शिरा, वरच्या हाडाखाली चेपतो, दिवसातून कितीतरी वेळा. त्यामुळं आधी पलंग बघा. बाज नाहीतर दिवाण खुर्चीपेक्षा खाली असला की वर चढताना खांद्यावर लई ताण येतो, पलंगाच्या पायांखाली विटा लावून गादी न् सीट एका लेव्हलला आणा, विटा हलणार नाहीत एवढं मात्र बघा. मधे सुताराकडून घासून गुळगुळीत केलेली प्लायवूडची पट्टी टाका म्हणजे उचलायचं कमी, सरकायचं जास्त. हात अंगाजवळ ठेवायचा, लांब टेकवायचा नाही, आणि दरवेळी तोच हात पुढं नको. लग्नकार्यात पंगतीला खाली बसायचा आग्रह होतो, तो सरळ मोडून काढा, जमिनीवरून खुर्चीत चढण्याइतकं वाईट खांद्याला दुसरं काही नाही. रोजचे डबे, कपडे पण छातीच्या उंचीवर आणून ठेवा.

बेडसोर नको म्हणून तो हातावर बूड उचलत असेल तर त्याऐवजी पुढं टेबलावर वाकायचं किंवा एकेका बाजूला कलायचं, साधारण २ मिनिटं. बुडावरचा दाब हलका करणं बंद मात्र करायचं नाही!

खुर्ची शिबिरातली जड फोल्डिंगची असेल तर निदान टायरमधी हवा नीट ठेवा. एक्सल (मागच्या चाकांचा आस) सरकवायची सोय असेल तर जाणकाराकडून थोडं पुढं घ्या, ढकलायला हलकं जातं, पण खुर्ची मागं उलटू शकते म्हणून सुरुवातीला मागं माणूस पाहिजेच. रिमच्या (चाक ढकलायच्या कड्याच्या) वरच्या टोकाला हात ठेवल्यावर कोपर १०० ते १२० अंशात यावं. छोटे छोटे झटके नकोत, लांब सावकाश ढकला.

फिजिओकडून छाती ताणायचे न् पाठीमागचे स्नायू बळकट करायचे व्यायाम रबर बँडवर शिकून घ्या, कळ येईपर्यंत ओढायचं नाही. अमेरिकेत पॅराप्लेजिक लोकांवरच झालेला अभ्यास २०११ मधे छापून आला, त्यात १२ आठवडे घरीच असे व्यायाम आणि हालचालीची पद्धत बदलून दुखणं बऱ्यापैकी कमी झालं होतं. नुसत्या पेनकिलरवर महिनोन्महिने काढू नका, आपल्या लघवीच्या तक्रारी आधीच असतात, त्यात किडनीवर अजून भार.

आणि हाताला नवीन मुंग्या, पकड ढिली, किंवा बधिरपणा पहिल्यापेक्षा वर सरकलाय असं वाटलं तर खांद्याच्या एक्स-रेवर थांबू नका, मणक्यात पाण्याची पोकळी तयार होत असू शकते, न्यूरोसर्जनला लगेच दाखवून मणक्याचा एमआरआय करायचा का ते विचारा.